मीठपेठेची पाहुणी

शांघाय, ६ मार्च २००५

ग्वेइलिएनताईंना,
नमस्कार.

अक्षर ओळखाल की नाही, कोण जाणे. मी फांग युनशू. तुमच्या धाकट्या भावाची, ग्वेइमूची, एके काळची बायको.

परवा टीव्हीवर यानखोऊ दाखवलं. नदीकाठची मीठपेठ, दगडी पायऱ्या, मिठाची जुनी कोठारं. सगळं जसंच्या तसं जपून ठेवलंय म्हणे, आणि लांबलांबून लोक बघायला येतात. तुमच्या दाराजवळचा तो मधोमध खोलगट झालेला दगडही दिसला. पाठीवर मीठ वाहणारे हमाल तिथे काठी टेकून दम खायचे, त्याचा खड्डा. मी उठून टीव्हीजवळ गेले, तोवर चित्र बदललं.

आमच्या कापडगिरणीतल्या निवृत्त बायकांची सहल मेमध्ये तिकडे येतेय. मीही नाव दिलंय. त्याआधी तुम्हाला विचारावं, असं वाटलं.

१९७९च्या फेब्रुवारीत मी निघाले, तेव्हा श्याओमान पावणेतीन वर्षांची होती. तिला ताप होता आणि ती तुमच्या पाठीशी बांधलेली होती. सरकारने आम्हा शहरातल्या पोरांना खेड्यात कामाला धाडलं होतं, पण लग्न झालेल्यांना शहरात परत घेत नव्हते, म्हणून ग्वेइमूने आणि मी कागदावर काडीमोड घेतला. ‘कागदावर’ हा शब्द त्याचाच. जम बसला की दोघांना बोलावून घेईन, असं मी म्हणाले होते. त्यानंतर मी चार पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही. तेच उत्तर, असं मी समजले. १९८३ साली इथे दुसरं लग्न केलं. ते गृहस्थ गेल्या वर्षी वारले. एक मुलगा आहे, तो कामानिमित्त उत्तरेत असतो.

ग्वेइमू कसा आहे? श्याओमान कशी आहे? मी काही मागायला येत नाही. नुसतं बघेन.

तुमची,
युनशू

•

यानखोऊ, २२ मार्च २००५

श्रीमती फांग यांस,

पत्र जुन्या पत्त्यावर गेलं होतं. पोस्टमन ओळखीचा, म्हणून माझ्यापर्यंत पोचलं. आता मीठपेठेत कोणी राहत नाही. चार वर्षांपूर्वी आम्हाला सगळ्यांना बसस्टँडमागच्या नव्या इमारतींत आणून टाकलं. मी पाचव्या मजल्यावर आहे. सकाळी खाली उतरायचं, निळा झगा घालायचा, डोक्याला फडकं बांधायचं आणि पेठेत जाऊन पाहुण्यांना तांदळाच्या वड्या विकायच्या. झगा कंपनीने दिलाय. आमच्यात असा झगा कोणी कधी घातला नव्हता, पण फोटोत बरा दिसतो.

ग्वेइमू नाही. १९८४च्या पुरात गेला. होडी पलीकडे नेऊ नकोस म्हणून सगळे सांगत होते. प्यायलेला होता. तिसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडला.

श्याओमान लग्न होऊन दूर ग्वांगतोंगला गेली. कारखान्यात असते. इकडे येत नाही.

तुम्ही टीव्हीवर जे बघितलंत तेच इथे आहे, त्याहून जास्त काही नाही. गुडघ्यांना त्रास कशाला देता.

थान ग्वेइलिएन

•

शांघाय, ३ एप्रिल २००५

ताई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी भाजी निवडत होते. वाचून झाल्यावर उरलेली भाजीही निवडून ठेवली. मग काय करावं, ते कळेना.

मला या सगळ्या वर्षांत वाटायचं, तो माझ्यावर रागावून तिथे जगतोय. होडी चालवतोय, शिव्या देतोय, पोरीला खांद्यावर घेतोय. एकवीस वर्षं मी ज्याच्या रागाला भीत होते, तो माणूस नव्हताच.

ताई, मी येणार. तुमच्या दाराशी येणार नाही, तुम्ही खालीही उतरू नका. त्याची माती कुठे आहे तेवढं सांगा. आणि श्याओमानचा पत्ता द्या, मी लिहिणार नाही, नुसता जवळ ठेवेन. तिच्यासाठी एक स्वेटर विणतेय. अंगाचं माप माहीत नाही, म्हणून माझ्याच मापाचा धरलाय.

युनशू

•

यानखोऊ, १६ एप्रिल २००५

श्रीमती फांग यांस,

माती वरच्या टेकडीवर, चहाच्या मळ्याच्या अंगाला आहे. सहलीची बस तिथे थांबत नाही, आणि चढ तुम्हाला झेपायचा नाही.

श्याओमानचा पत्ता मागू नका. तुम्ही मेलात असं मी तिला सांगितलंय. ती सहा वर्षांची होती, रोज विचारायची, म्हणून सांगून टाकलं. आता तुम्ही स्वेटर घेऊन उभ्या राहिलात तर मी खोटी ठरेन. येणारच असाल तर या, बघा, जा. पेठेत आमच्याबद्दल कोणाला काही विचारू नका.

थान ग्वेइलिएन

•

शांघाय, २३ मे २००५

ताई,

काल परत आले. पेठेत विचारू नका म्हणाला होतात. मी विचारलं. माफ करा.

वेशीवर तिकीट काढावं लागलं. माझ्या मैत्रिणीला, वेइफेनला, गाडीत मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, “नवऱ्याच्या घरी जायला तिकीट काढणारी तूच पहिली.” मी हसले. मग तीच रडायला लागली आणि मला तिची समजूत काढावी लागली.

आमच्या गटाला दाखवायला एक मुलगी होती. हातात लाल झेंडी, कमरेला बॅटरीवरचा कर्णा. गळ्यातल्या पट्ट्यावर नुसता आकडा, चौदा. मी नाव विचारलं तर म्हणाली, “सगळे मला चौदा नंबरच म्हणतात, मावशी.” आवाज जरासा घोगरा, दिवसभर बोलून बसलेला असावा. फार छान सांगत होती. मीठ नावेतून कसं यायचं, इथून पुढे हमाल डोंगरावर कसं न्यायचे, व्यापाऱ्यांच्या पंचायतीत वजनावरून कशा मारामाऱ्या व्हायच्या. गिरणीतल्या बायका म्हणजे वाह्यात. एकीने विचारलं, “एवढे पैसेवाले व्यापारी होते, तर एखादा आमच्यासाठी शिल्लक ठेवलाय का?” ती म्हणाली, “एक आहे, पण कोठारात मिठात घालून ठेवलाय.”

मग आपलं घर आलं. दारावर पाटी आहे, ‘मिठाच्या व्यापाऱ्याचं निवासस्थान’. आत लाल दोरी बांधलीय. जिथे तुमच्या आईची खाट होती, तिथे कोरीव पलंग आणि गाद्या. बायका विचारायला लागल्या, व्यापाऱ्याला बायका किती होत्या. मुलगी म्हणाली, “पाटीवर तीन लिहिल्यात. पण खरं सांगायचं तर इथे व्यापारी कधीच नव्हता. एक नावाडी राहायचा. त्याची बायको गेली. शहराकडून बस यायची त्या प्रत्येक दिवशी तो वेशीवर जाऊन उभा राहायचा, बस रिकामी झाली की परत येऊन होडी सोडायचा.” ताई, ही गोष्ट कंपनीने लिहून दिलीय, की पेठेत लोक खरंच तसं सांगतात?

माझा गुडघा धरला. मुलीने बाकीच्यांना पंचायतीचं घर बघायला पुढे पाठवलं, मला दुकानाबाहेरच्या बाकावर बसवलं आणि कुठून तरी वड्यांची एक वाटी आणली. तिखट फार होतं. “शांघायच्या माणसाला सोसणार नाही,” म्हणाली. मी म्हटलं, “मला सोसतं. मी इथे दहा वर्षं होते.”

“कुठे?”

“त्याच घरात. नंतरची पाच वर्षं.”

तिने झेंडी बाकावर ठेवली. मग म्हणाली, “मग गेलात कशाला?”

ताई, हे मला कधी कोणी विचारलंच नव्हतं. माझ्या नवऱ्याने नाही, मुलाने नाही. मी त्या अनोळखी मुलीला सगळं सांगत बसले. सोबतच्या सगळ्या परत चालल्या होत्या, मी सत्तावीस वर्षांची होते, आणि मागे राहिले तर या डोंगरांत कायमची पुरली जाईन अशी भीती होती. ती म्हणाली, “पोरीला न्यायचं ना मग.” मी म्हटलं, “आधी मलाच झोपायला जागा नव्हती. जागा झाली तेव्हा लिहिलं. चार पत्रं लिहिली. आईने माळा रिकामा केला होता. मामांनी खाडीवरच्या धक्क्यावर त्याच्यासाठी काम बघितलं होतं. १९८०च्या अखेरपर्यंत जागा धरून ठेवतो, म्हणाले होते.”

“पत्रं?” तिने विचारलं. आणि कमरेचा कर्णा बंद केला. तो चालूच राहिला होता वाटतं.

“हो.”

“त्यांना वाचता यायचं?”

“नाही. त्याची बहीण वाचून दाखवायची.”

वाटीतली शेवटची वडी तिने खाल्ली. मला वाटलं, हिला कंटाळा आला.

तुमची चौकशी केली तर म्हणाली, “त्या आज आलेल्या नाहीत.” स्वेटर मी तिच्याजवळ दिलाय, तुम्हाला पोचवते म्हणाली. माझा फोन नंबरही चिठ्ठीवर लिहून दिलाय. बसमध्ये चढताना तिने माझा हात धरला आणि चढून झाल्यावरही जरा वेळ धरून ठेवला. विचारलं, “तुमची मुलगी कधी भेटली तर काय सांगू?” मी म्हटलं, “सांग, येऊन गेली.” दुसरं काही सुचलं नाही.

टेकडीवर जाता आलं नाही. स्वेटर मिळाला का, तेवढं कळवा.

युनशू

•

यानखोऊ, ९ जून २००५

युनशू,

चौदा नंबर म्हणजे श्याओमान.

ती ग्वांगतोंगला कधी गेलीच नव्हती. लग्नही केलं नाही. इथेच होती, माझ्याजवळ, पाचव्या मजल्यावर. पर्यटन कंपनीत पाच वर्षं काम करत होती.

कुठला गट कधी येणार ते पेठेत आधी कळतं, म्हणून मी तिला त्या दिवशी सुट्टी घ्यायला लावली होती. ताप आल्याचं कळव म्हटलं. ती बरं म्हणाली. मग सकाळी मी चहाच्या दुकानाच्या माडीवर गेले, तुझा गट निघून जाईपर्यंत तिथेच बसायचं म्हणून. खिडकीतून बघते तर झेंडी तिच्याच हातात. दुसऱ्या मुलीशी पाळी बदलून घेतली होती. तुमच्या गटाच्या नावांची यादी आठवडाभर आधी आली होती आणि तिने तुझं नाव वाचलं होतं. तू मेली नाहीस हे तिला सोळाव्या वर्षापासून माहीत होतं. ओळखपत्र काढायला गेली तेव्हा काडीमोडाचा कागद सापडला, मेल्याची नोंद कुठेच नव्हती. तेरा वर्षं तिने मला कळू दिलं नाही.

तुम्ही दोघी एका बाकावर बसून एका वाटीत खात होतात. मला वरून दिसत होतं. बोलणं ऐकू येत नव्हतं, पण मधला थोडा वेळ कर्णा चालू होता आणि ‘चार पत्रं’ एवढं पेठभर ऐकू आलं. मी खाली उतरू शकले असते. जिना बारा पायऱ्यांचा आहे.

ती संध्याकाळी घरी आली. स्वेटर टेबलावर ठेवला. म्हणाली, “आत्या, पत्रं आली होती?”

मी म्हटलं, “हात धू, जेवायला बस.”

“आली होती का, तेवढं सांग.”

“आली होती.”

“बाबांना वाचून दाखवलीस?”

“दाखवली.”

“जे लिहिलं होतं तेच वाचलंस?”

युनशू, एवढ्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारेल असं मला वाटलं नव्हतं. जो विचारू शकला असता त्याला अक्षर येत नव्हतं.

आता तुलाही सांगते. पहिल्या तीन पत्रांतलं मी थोडंथोडं वाचलं. बरी आहे, थंडी आहे, असं. चौथ्यात तू सगळं लिहिलं होतंस, माळा, धक्क्यावरचं काम, कुठल्या गाडीने यायचं ते. तो समोर बसला होता, पोर त्याच्या मांडीवर होती. मी कागद धरून वाचलं, ‘माझं इथे लग्न ठरलं आहे, वाट बघू नका.’ त्याने पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा तेच वाचलं, एकही शब्द चुकला नाही. मग त्याने मला उत्तर लिहायला सांगितलं. ‘सुखी राहा, पोरीची काळजी करू नकोस.’ मी त्याच्यासमोर लिहिलं, पाकिटात घातलं. ते पोस्टात पडलं नाही. आधी त्याने सांगितलेली उत्तरंही पडली नव्हती.

का, ते तू विचारणार. तोवर माझा नवरा मला सोडून गेला होता, मूल होत नाही म्हणून. आई खाटेवर होती. आणि श्याओमान मला आई म्हणायला लागली होती. मी तिला आत्या म्हणायला शिकवत होते, पण झोपेत ती आईच म्हणायची. तुम्ही तिघं शांघायला गेला असतात, तर मी त्या घरात एक खाट आणि एक आजारी म्हातारी घेऊन उरले असते. माझ्याजवळ एवढंच कारण आहे. याहून मोठं असतं तर सांगितलं असतं.

तो त्यानंतरही बस बघायला जायचा. लग्न ठरलंय म्हणून सांगितलं तरी जायचा. ते मी हिशोबात धरलं नव्हतं.

श्याओमानने सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. दोन दिवस कामाला गेली, घरी जेवली, भांडी घासली. तिसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरली. मी दारात उभी राहिले तर म्हणाली, “आत्या, बाजूला हो.” एवढंच. स्वेटर नेला. तुझ्याकडे आली का? आली असेल तर मला काही कळवू नकोस, पण आलीय एवढं लिही.

ग्वेइलिएन

•

शांघाय, २ जुलै २००५

ग्वेइलिएन,

‘ताई’ लिहायला हात होत नाही.

ती आलेली नाही. तुझं पत्र आल्यापासून मी आठवडाभर रोज स्टेशनवर गेले. तुमच्याकडची गाडी दुपारी येते. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत उभी राहायचे. मग लक्षात आलं की मी काय करतेय, आणि मला तिथे उभं राहवेना.

तुला काय लिहू? शिव्या दिल्या असत्या, आठ दिवस त्याच जुळवत होते. पण प्रत्येक शिवीच्या शेवटी मला विचारावं लागतं, की चार पत्रांनंतर पाचवं पत्र मी का लिहिलं नाही? दोन रात्री आणि दोन दिवसांची तर गाडी होती. मी स्वतः का आले नाही? ताप आलेल्या पोरीला सोडून जायला मला तू भाग पाडलं नव्हतंस. उत्तर आलं नाही तेव्हा मी रडले, हे खरं. पण थोडं सुटल्यासारखंही वाटलं होतं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतेय.

तिचा फोन आला होता. २६ जूनला, सकाळी. आवाजावरून ओळखलं, तो घोगरा आवाज.

म्हणाली, “मी चौदा नंबर बोलतेय.”

मी म्हटलं, “श्याओमान.”

ती म्हणाली, “एकच विचारायचंय. धक्क्यावरचं काम १९८०च्या अखेरपर्यंत धरून ठेवलं होतं, ते खरं ना? सहलीत माणसं काहीबाही रचून सांगतात.”

“खरं आहे. मामा आता नाहीत, पण खरं आहे.”

“तेव्हा बाबा जिवंत होते.”

“हो.”

“बाबांना पोहता यायचं. खाडी नदीपेक्षा उथळ असते ना?”

मी म्हटलं, “बाळ, तू कुठे आहेस? मी येते.”

ती म्हणाली, “नका येऊ. मी त्या दिवशी तुम्हाला सांगणार होते. बाकावर बसलो तेव्हा सांगणारच होते. मला वाटलं होतं, तुम्ही एक वाईट बाई असाल, म्हणजे मला घरी जाऊन आत्याजवळ बसता येईल. आता मी कोणाजवळ बसू?”

फोन ठेवला. नंबर सार्वजनिक फोनचा होता. मी परत लावला तर एका दुकानदाराने उचलला. म्हणाला, इथे दिवसाला शंभर मुली फोन करायला येतात. गाव ग्वांगतोंगमधलं होतं.

तिच्याबद्दल मला काहीच माहीत नाही. ती काय खाते, दात कधी पडले, शाळेत कशी होती. हे सगळं जगात फक्त तुला माहीत आहे. म्हणून तुझी इच्छा असो वा नसो, मी तुला लिहीत राहणार. दर महिन्याला. तू एकेक गोष्ट लिहून पाठव.

युनशू

•

यानखोऊ, १४ डिसेंबर २००५

युनशू,

तुझी पाचही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही.

तू विचारलं होतंस ते आधी लिहिते. पहिला दात सहाव्या वर्षी पडला, खालचा. शाळेत हिशोबात कच्ची, पाठांतरात पक्की. माशाचं आंबट सार आवडायचं, पण काटे मला काढून द्यावे लागायचे, अठ्ठाविसाव्या वर्षीसुद्धा. पाऊस आला की नदीकडे बघायची नाही. झालं. आणखी बरंच आहे, पण ते मी देणार नाही. माझ्याजवळ तेवढंच आहे.

तिचा मला फोन नाही, चिठ्ठी नाही. जाण्याआधी टेकडीवर जाऊन आली होती. मी गेले तेव्हा गवत कापलेलं होतं.

पेठेत तिच्या जागी दुसरी चौदा नंबर आलीय. नावाड्याची गोष्ट कंपनीला फार आवडली, बायका रडतात म्हणून. आता सगळ्या मुलींना पाठ करायला दिलीय. फक्त शेवट बदललाय. त्यात बायको एक दिवस बसमधून उतरते आणि तो तिची पेटी उचलून घरी नेतो. मी समोरच वड्या विकते. दिवसातून सात-आठ वेळा ऐकावं लागतं. कालच्या गटातल्या एका बाईने मला विचारलं, “आजी, तुम्ही इथल्याच ना? तुम्ही त्या दोघांना बघितलं होतं का?” मी म्हटलं, हो, बघितलं होतं. तिने माझ्याबरोबर फोटो काढून घेतला.

आता जे सांगायला बसले ते सांगते. यापुढे मला लिहू नकोस.

रागाने म्हणत नाही. राग करायचा हक्क तुझा, तो तू करत नाहीस, आणि त्याचा मला जास्त त्रास होतो. पण कारण ते नाही. माझ्या गुडघ्यांनाही आता पाच मजले झेपत नाहीत, म्हणून पोस्टमन खालून हाक मारतो. तो ‘आजी, पत्र’ म्हणतो आणि मी कठड्याला धरून उतरायला लागते. त्या पाच मजल्यांत मला ती दिसते. कुठे आहे ते लिहिलं असेल, पत्ता दिला असेल, शिव्या दिल्या असतील तरी चालेल. खाली पोचेपर्यंत मी तिला माझ्याजवळ आणून बसवलेलं असतं.

आणि पत्र निघतं तुझं.

ग्वेइलिएन